पहिल्या सेमिस्टरचं प्रोग्रामिंग: शिकवायचं काय आणि तपासायचं काय

१५३ हा आकडा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना स्वतःच्या रोल नंबरइतका पाठ असतो. १चा घन १, ५चा घन १२५, ३चा घन २७, बेरीज पुन्हा १५३. म्हणून हा आर्मस्ट्राँग नंबर. पॅलिंड्रोम, फिबोनाची, प्राइम आणि आर्मस्ट्राँग या चौकडीवर नागपुरात (नागपूरच कशाला, देशभरात) प्रोग्रामिंगचे पेपर वर्षानुवर्षं निघत आले आहेत. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. पोरं आदल्या रात्री कोड कंस-सेमीकोलनसकट घोकतात आणि सकाळी पेपरात उतरवतात. मार्क मिळतात. पुढच्या सेमिस्टरला त्याच मुलाला कुणी म्हणतं, ‘पाच आकडे घे आणि त्यातले सम किती ते मोजणारा प्रोग्राम लिही’, तेव्हा तो पेन धरून नुसता बसून राहतो.

त्याला दोष देऊन भागत नाही. जे तपासलं जातं तेवढंच पोरं शिकतात, हे सगळ्याच विषयांना लागू आहे. प्रोग्रामिंगची अडचण अशी की पाठ केलेलं आणि समजलेलं कागदावर हुबेहूब सारखं दिसतं. इतिहासाच्या उत्तरात निदान वाक्यं तरी मुलाची स्वतःची असतात. आर्मस्ट्राँगचा कोड सगळ्या वर्गाचा एकच. मी हा विषय शिकवतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात ते प्रश्नही ठरलेले असतात. सी चांगली की पायथॉन? क्लास कोणता लावायचा? गणित कच्चं आहे, जमेल का? उत्तरं देता येतात, पण आधी या विषयात नेमकं काय अवघड आहे ते पाहिलेलं बरं.

हा विषय आता फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा राहिलेला नाही. एआयसीटीई म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात ‘प्रोग्रामिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना आहे. म्हणजे सिव्हिलला गेलेला, मेकॅनिकलला गेलेला, सगळेच त्यात. वर्गात साठ-सत्तर मुलं. त्यातल्या काहींनी अकरावी-बारावीला बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं, सी++ची तोंडओळख झालेली असते. काही नरखेड, उमरेड, देसाईगंजकडून आलेली; मोबाइलवर बोटं वाऱ्यासारखी चालतात, पण फाइल सेव्ह केली म्हणजे ती गेली कुठे, हे कधी शोधावं लागलेलं नसतं. घरी वऱ्हाडी, होस्टेलवर हिंदी, पुस्तक इंग्रजीत. या सगळ्यांचा ‘हॅलो वर्ल्ड’ हा पहिला प्रोग्राम मात्र एकाच दिवशी.

पंधरा दिवसांत वर्गाचे दोन गट पडल्यासारखे दिसतात आणि स्टाफरूममध्ये ते वाक्य ऐकू येतं: ‘काहींच्या डोक्यात असतंच, काहींच्या नसतंच.’ या समजुतीला एकदा शास्त्राचा आधारही मिळाल्यासारखा वाटला होता. २००६ साली इंग्लंडच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी असा दावा केला की कोर्स सुरू व्हायच्या आधीच एक छोटी चाचणी घेऊन कोण तरेल आणि कोण बुडेल हे सांगता येतं. लेख जगभर फिरला. २०१४ला बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. ही बातमी मात्र तितकी फिरली नाही. पुढे २०१६ला एलिझाबेथ पटित्सास आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्सच्या ७७८ वर्गांचे निकाल तपासले. दोन गट खरे असते तर गुणांच्या आलेखात ‘दोन उंचवटे’ दिसायला हवे होते, ते फक्त ५.८ टक्के निकालांत सापडले. बाकी सगळीकडे एकच टेकाड. दोन गट आपल्याला दिसतात, कारण आपण ते शोधत असतो, आणि बायफोकलवाल्या मुलाची आधीची दोन वर्षं आपण त्याची बुद्धी म्हणून मोजतो.

तरी विषय अवघड आहे, हे खरं. २००७च्या एका पाहणीत जगभरच्या विद्यापीठांत या पहिल्या कोर्सला सरासरी ३३ टक्के मुलं पार होत नव्हती. २०१४ला १५ देशांतल्या १६१ कोर्सेसचे निकाल एकत्र केले गेले, तेव्हा पास होणारे ६७.७ टक्के निघाले, म्हणजे आकडा जवळपास तोच. आणि पास झालेल्यांचं काय? २००१ला चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिला कोर्स संपताना प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला बसवलं, तर ११० पैकी सरासरी २२.८९ गुण पडले. ही एकाहून जास्त देशांतली विद्यापीठं होती. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजात मुलं कच्ची येतात’ हे कारण पुरत नाही.

मग अडतं कुठे? चार ओळी बघा. भाषा सी असो की पायथॉन, मुद्दा तोच. इथे मराठी अक्षरांत मांडतो.

अ = ५
ब = ९
अ = ब
ब = अ

शेवटी अ किती आणि ब किती? वर्गात विचारलं की हमखास तीन उत्तरं येतात. एक गट म्हणतो, ‘अ नऊ, ब पाच, अदलाबदल झाली.’ दुसरा म्हणतो, ‘दोन्ही नऊ.’ तिसरा गप्प असतो, आणि खोदून विचारलं की म्हणतो, ‘सर, अ बरोबर ५ म्हटलं, मग अ बरोबर ब कसं काय म्हणून राहिले? ५ आणि ९ बरोबर कसे होतील?’ हा तिसरा मुलगा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दहा वर्षं गणितात त्याने ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, असंच शिकलंय. इथे मात्र ती आज्ञा आहे: उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या जागेत टाक, आधी तिथे जे होतं ते पुसलं जाईल. तिसऱ्या ओळीला अ मधला ५ पुसला गेला. चौथ्या ओळीला अ मध्ये ९च आहे, तोच ब मध्ये गेला. दोन्ही नऊ.

पण इथेच थांबू नका. बरोबर उत्तर दिलेल्या दुसऱ्या गटाला पुढे विचारा: आता पाचवी ओळ ‘ब = २०’ लिहिली, तर अ किती? त्यातले काही जण पटकन ‘वीस’ म्हणतात. म्हणजे त्यांच्या मनात अ आणि ब एकमेकांना दोरीने बांधले गेलेत. चौथ्या ओळीपर्यंतचं त्यांचं उत्तर बरोबर आलं, पण चुकीच्या कारणाने. नुसतं उत्तर तपासलं असतं तर पूर्ण मार्क दिले असते.

अदलाबदल झाली म्हणणारा गट आणखी एक गोष्ट सांगून जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा हेतू काय, हे मशीनला कळतं, असं त्यांनी धरलेलं असतं. रॉय पी या संशोधकाने १९८६ला या समजुतीला ‘सुपरबग’ म्हटलं: यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय आणि तो आपला मतलब ओळखून घेईल, असं नवख्याला आतून वाटत असतं. आत कुणी नाही. एका वेळी एक ओळ, वरून खाली, जे लिहिलंय तेवढंच. हे यंत्र मनात उभं राहिलं नाही, तर पुढचे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं), अॅरे, फंक्शन सगळं हवेत. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे मी कागदावर तक्ता करून घेतो: डावीकडे ओळीचा क्रमांक, वर व्हेरिएबलची, म्हणजे अ, ब अशा जागांची, नावं, आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या रकान्यात काय आहे ते. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. ‘सर, लॅपटॉपवरच चालवून पाहू ना’ म्हणतात. चालवून उत्तर मिळतं. ते उत्तर का आलं, हे तक्त्यात दिसतं.

एकेक ओळ समजली तरी दुसरी अडचण उभी राहते, ती जोडणीची. तिचा नमुना म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी वापरलेला पावसाचा प्रश्न आजही घेतला जातो. रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी सांग. आकड्यांत उणे आले तर ते चुकीचे समजून सोडून दे. बस. नागपूरच्या मुलांना हा प्रश्न परका वाटत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून मिलिमीटर हा शब्द इथे घरोघरी कळतो.

उत्तर असं दिसतं:

बेरीज = ०
दिवस = ०
वाच न
जोपर्यंत न हा ९९९९९ नाही:
    जर न >= ०:
        बेरीज = बेरीज + न
        दिवस = दिवस + १
    वाच न
जर दिवस > ०:
    छाप बेरीज / दिवस
नाहीतर:
    छाप “आकडे नाहीत”

यात मुलाला माहीत नसलेलं काहीच नाही. बेरीज करणं येतं, मोजणं येतं, लूप येतो, ‘जर’ येतो. पण ही चार कामं एकमेकांत विणायची म्हटली की गाठी पडतात. कुणी ९९९९९सुद्धा बेरजेत मिळवतो आणि सरासरी हजारांत जाते. कुणी उणे आकडा बेरजेत घेत नाही, पण दिवसांत मोजतो. सीमध्ये दोन्ही व्हेरिएबल पूर्णांकाची घेतली, तर ७ भागिले २ चं उत्तर ३ येतं आणि अर्धा मिलिमीटर हवेत विरतो.

सगळ्यात गमतीची चूक ‘वाच न’ या शेवटच्या ओळीत होते. ती आहे लूपमध्ये, पण ‘जर’च्या बाहेर. ती एक पायरी आत सरकवली, म्हणजे ‘जर’च्या आत गेली, तर काय होईल? १२, ०, ३० असे आकडे दिले तर प्रोग्राम मस्त चालतो. मुलगा खूश. मग कुणीतरी उणे ४ देतो. ‘जर’ खोटं ठरतं, म्हणून आतलं काही चालत नाही. पुढचा आकडाच वाचला जात नाही. न उणे ४च राहतो. लूप पुन्हा तिथेच. ‘सर, स्क्रीन हँग होऊन राहिली.’ स्क्रीनचा दोष नाही, ती इमानदारीत तेच तेच करते आहे. मी हा बिघडलेला कोड मुद्दाम सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, देतो आणि विचारतो: कोणत्या आकड्याला हा अडकेल, आणि का? या एका प्रश्नातून मला जे कळतं, ते दहा पॅलिंड्रोममधून कळत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. १२, ०, उणे ४, ३०, मग ९९९९९. सरासरी किती? शून्य हा कोरडा दिवस धरला तर ४२ भागिले ३, म्हणजे १४. ‘न >= ०’ च्या जागी ‘न > ०’ लिहिलं तर ४२ भागिले २, म्हणजे २१. दोन्ही कोड चालतात. कोणता बरोबर, हे कॉम्प्युटर सांगणार नाही. ते प्रश्न नीट वाचून आणि पाऊस म्हणजे काय हे समजून ठरवावं लागतं. गणित कच्चं असलं तर जमेल का, या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. पहिल्या कोर्सला लागणारं गणित सातवी-आठवीचं असतं. वाक्य काळजीपूर्वक वाचण्याची सवय मात्र लागते, आणि ती आमच्याकडे फार कमी मुलांना असते.

इथवर आल्यावर माझं म्हणणं सांगतो: आपण मुलांकडून लिहून फार लवकर घेतो, आणि वाचून घेतच नाही. मराठी शिकताना पोर आधी वर्षानुवर्षं वाचतं, ऐकतं, गाळलेल्या जागा भरतं, मग कुठे निबंधाला हात घालतं. प्रोग्रामिंगला आपण तिसऱ्या आठवड्यात निबंध मागतो.

हे नुसतं माझं मत नाही. २००१च्या त्या धक्कादायक निकालानंतर बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की मुलांना प्रॉब्लेम सोडवता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातले रेमंड लिस्टर आणि त्यांच्या गटाने २००४ला वेगळी शंका घेतली: त्यांना तयार कोड तरी वाचता येतो का? सात देशांतल्या मुलांना छोटे छोटे कोड देऊन विचारलं, याचं आउटपुट काय. किंवा कोड जवळपास पूर्ण दिला आणि राहिलेली ओळ चार पर्यायांतून निवडायला सांगितली. पुष्कळ मुलं त्यातही कच्ची निघाली, विशेषतः ओळ निवडण्यात. ज्याला दुसऱ्याचा दहा ओळींचा कोड वाचता येत नाही, त्याच्याकडून वीस ओळींचा नवा कोड मागणं म्हणजे त्याला घोकंपट्टीकडे ढकलणं.

वाचन तपासायच्या पद्धती साध्या आहेत. एक म्हणजे आउटपुट सांगा. दुसरी मला जास्त आवडते: कोड द्यायचा आणि हा काय काम करतो ते एका वाक्यात सांग म्हणायचं. कोणत्याही भाषेत. पोरगा मराठीत सांगो, वऱ्हाडीत सांगो, हिंदीत सांगो. समजा कोडमध्ये पहिला आकडा ‘म’ मध्ये ठेवलाय, मग लूपमध्ये ‘आय’ने मोजत प्रत्येक आकडा ‘म’ शी ताडून मोठा असेल तर ‘म’ मध्ये टाकलाय. एक मुलगी सांगते, ‘आय शून्यापासून सुरू होतो, मग लूप चालतो, मग जर आकडा मोठा असेल तर म मध्ये टाकतो, मग आय वाढतो.’ प्रत्येक शब्द बरोबर, पण ती अजून ओळीओळीतच आहे. दुसरी म्हणते, ‘सगळ्यात मोठा आकडा शोधून राहिला, सर.’ तिला पूर्ण चित्र दिसलं. इंग्रजीत विचारलं असतं तर ही दुसरी मुलगी कदाचित गप्प बसली असती आणि पहिलीने पाठ केलेली वाक्यं म्हटली असती. परीक्षेचं माध्यम इंग्रजी आहे, ते लेखी पेपरापुरतं. प्रॅक्टिकलच्या टेबलावर कुणी हात धरत नाही. घरी सरावाला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सीचे धडे मराठीतूनही आहेत, फुकट.

तिसरी पद्धत न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हॅडन यांनी २००६ला मांडली. बरोबर कोडच्या ओळी सुट्या करून उलटसुलट द्यायच्या, एखादी खोटी ओळ मिसळायची, आणि क्रम लावायला सांगायचा. वरचा पावसाचा कोड असा कापून द्या. ‘वाच न’ कुठे बसवायचं यावर बाकावर भांडणं लागतात. सेमीकोलनची भीती नाही, स्पेलिंगची नाही, सगळा जोर रचनेवर. तपासायलाही सोपं, सत्तर पेपर एका संध्याकाळी होतात, ही बाब शिक्षकांनी हलकी समजू नये.

आता मार्कांकडे. आपल्याकडे लेखी पेपर विद्यापीठाचा किंवा परीक्षा विभागाचा. त्यावर शिकवणाऱ्याचा ताबा थोडा. हातात असतात ते सेशनल, इंटर्नल आणि प्रॅक्टिकल. आणि नेमकं तिथेच आपण सगळ्यात निष्काळजी असतो. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड पाहा: ठरलेले प्रोग्राम, सुवाच्य अक्षर, आउटपुट पेन्सिलीने, मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेलं. मुखपृष्ठ छान असेल तर दोन मार्क जास्त. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानांची चांदी असते. यातून मुलाचं अक्षर कळतं.

कॉपी पकडायला साधनं आहेत. अलेक्स ऐकेन यांनी १९९४ला तयार केलेलं मॉस हे सॉफ्टवेअर व्हेरिएबलची नावं बदललेला कोडही ओळखतं. पण आता उतरवायला मित्राची फाइल लागतच नाही. न्यूझीलंडमध्येच ऑकलंडच्या संशोधकांनी पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सचे परीक्षेचे प्रश्न कोडेक्स या एआय मॉडेलला दिले. ७१ विद्यार्थ्यांच्या यादीत ते बसवलं तर सतरावा नंबर आला असता. त्यांचा शोधनिबंध २०२२च्या सुरुवातीचा, चॅटजीपीटी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आलं. म्हणजे आता घरी दिलेला प्रत्येक प्रोग्राम बरोबरच येणार, कॉमेंटसकट, आणि एकेका मुलाच्या इंग्रजीपेक्षा फार सफाईदार इंग्रजीत. मॉसला त्यात काही सापडेलच असं नाही, कारण प्रत्येकाचा कोड थोडा थोडा वेगळा असतो. बंदी घालून उपयोग नाही. होस्टेलच्या खोलीत कोण बघतं? माझ्या मते घरून आलेल्या कोडला मार्क देणंच बंद करावं. कोड आणा, कुठूनही आणा, मार्क त्याबद्दल बोलण्याचे.

बोलण्याचे म्हणजे व्हायवाचे, तोंडी परीक्षेचे. आपला व्हायवा मात्र ‘व्हॉट इज अॅन अॅरे’ वर अडकलेला असतो, तोही पाठांतराचाच. त्याऐवजी त्याचाच कोड समोर ठेवायचा. ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ ‘दिवस शून्यापासून का सुरू केला, एकपासून केला तर?’ ‘मला सरासरीऐवजी सगळ्यात जास्त पावसाचा आकडा पाहिजे, काय बदलशील? बदलून दाखव.’ तिसऱ्या प्रश्नाला मूळ कोड कुणी लिहिला याने काही फरक पडत नाही. समजला असेल तर बदलेल. बायफोकल केलेला मुलगा आणि कधी कीबोर्ड न पाहिलेली मुलगी या प्रश्नापुढे जवळपास सारख्या रेषेवर येतात. कधी कधी ती पुढे असते, कारण तिने तक्ते प्रामाणिकपणे भरलेले असतात.

वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप नेहमीचा. हिशेब करू. बॅच २० मुलांची, प्रॅक्टिकल दोन तासांचं. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर १०० मिनिटं लागतात. उरलेली वीस हजेरीला, मशीन सुरू होण्याला आणि ज्याचं लॉगिन चालत नाही त्याला. महिन्यातून एक प्रॅक्टिकल यासाठी राखलं तर सेमिस्टरमध्ये प्रत्येक मुलाशी तीन-चार वेळा त्याच्या कोडबद्दल बोलणं होतं. बाकीची मुलं तोवर पार्सन्सच्या ओळी लावत बसतील. आमच्या काही सहकाऱ्यांना हे जास्तीचं काम वाटतं. रेकॉर्डवर सह्या करण्यात जाणारा वेळ मोजला तर तो कमी नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. सी १९७२ची, पायथॉन १९९१ची. पायथॉनमध्ये सुरुवातीला कागदी घोडे कमी नाचवावे लागतात. सीमध्ये मेमरी जवळून दिसते. अभ्यासक्रमात जी असेल ती घ्या. मात्र ज्या लॅबमध्ये अजून निळ्या पडद्याचं टर्बो सी चालतं आणि पोरं पहिल्या ओळीत स्क्रीन पुसायची आज्ञा घोकतात, तिथे ते आता थांबवा. १९८७चं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर कसरत करून चालवण्यात मुलांचा काय फायदा, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. क्लास लावायचा असेल तर एकदा आत बसून पाहा. फळ्यावर पूर्ण कोड लिहून उतरवून घेत असतील तर पैसे वाचवा.

राहिलं लेखी उत्तर तपासणं. पावसाचा प्रश्न दहा मार्कांना आहे असं धरा. माझी वाटणी अशी: आकडे वाचत राहणं आणि ९९९९९ला थांबणं, ३; उणे आकडे बेरीज आणि मोजणी दोन्हींतून वगळणं, ३; सरासरी काढणं आणि ती पूर्णांकात कापली जाणार नाही हे बघणं, २; एकही आकडा नसेल तेव्हा शून्याने भागणं टाळणं, २. सेमीकोलन विसरला, कंस एक कमी, ‘प्रिंटएफ’ या छापायच्या आज्ञेचं स्पेलिंग चुकलं, तर एकही मार्क कापायचा नाही. ते पकडायला कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, आहे, आणि तो फुकटात पकडतो. उलट सगळे सेमीकोलन जागच्या जागी, अक्षर मोत्यासारखं, आणि ‘वाच न’ ‘जर’च्या आत, तर पहिल्या तीनमधला एक मार्क जायलाच हवा, आणि समासात लिहायचं: उणे ४ देऊन तक्ता भर. पेपर परत मिळाल्यावर दोन दिवसांत तो तक्ता भरून आणला तर तो मार्क मी परत देतो.